वायसाकेची मागणी

वायसाके आमच्या बेटावर सिंगातोका गावाच्या बाजूला उसाची लॉरी चालवायचा. दाराच्या चौकटीत न मावणारा गडी, पण गावातली अकानिसी समोर आली की घशात कसाव्याचा कंद अडकल्यासारखा गप्प. मी त्याचा चुलतभाऊ. "अरे, बोल की तिच्याशी!" म्हणून म्हणून मी थकलो.

तेवढ्यात आमच्या किनाऱ्यावर परदेशी सिनेमावाले उतरले. त्यांना क्रूर टोळीप्रमुख हवा होता. वायसाकेला बघून दिग्दर्शकाने तिथल्या तिथे त्याच्या हातात भाला दिला. म्हणाला, "नायकाच्या अंगावर धावून जा आणि तुमच्या भाषेत काहीतरी भयंकर ओरड."

तोंडाला काळं फासल्यावर वायसाकेला कंठ फुटला. तो असा गरजला की नायक खरोखरच मागच्या मागे पडला. दिग्दर्शकाने त्याला मिठीच मारली.

वर्षभराने तो सिनेमा चर्चच्या हॉलमध्ये दाखवला. अख्खं गाव जमलं. पडद्यावर वायसाके डोळे वटारून, भाला रोखून आला आणि त्या गोऱ्या नायकावर ओरडला, "अकानिसी! मला तू फार आवडतेस! लग्न करशील का माझ्याशी?"

हॉलमध्ये हलकल्लोळ. खरा वायसाके माझ्या पाठीमागे लपायला बघत होता. मी पडलो काडीपैलवान.

अकानिसी उठली. "करते! पण हे घरी येऊन सांगायला काय झालं होतं?"

"खाली बस गं!" तिचा बाप इलाइतिया ओरडला. नात्याने तो आमचा मामा. "सिनेमात घातलेली मागणी मी मानत नाही. रीतीप्रमाणे देवमाशाचा दात आणावा लागतो."

"मामा, गळ्यात आहे ना तो!" वायसाकेने पडद्याकडे बोट दाखवलं.

"प्लास्टिकचा आहे तो, गाढवा!"

पुढच्याच आठवड्यात आमचे काका खराखुरा दात घेऊन मामाकडे गेले. यांगोना पेयाच्या वाट्या फिरल्या आणि लग्न ठरलं.

मग वायसाकेला सिनेमांची बोलावणी येऊ लागली. ऑस्ट्रेलियात मगरीने खाल्ला, हवाईत कड्यावरून पडला, न्यूझीलंडमध्ये तर मध्यंतराआधीच मेला. अकानिसी दरवेळी हॉलमध्ये रडायची आणि शेजारी बसून तो तिला भाजलेले शेंगदाणे सोलून द्यायचा.

गेल्या वर्षी कुठे त्याला शेवटपर्यंत जिवंत राहायची भूमिका मिळाली. हॉटेलातला प्रेमळ आचारी. सिनेमा संपेपर्यंत अर्धा हॉल पेंगायला लागला होता.

शेवटी मामाच म्हणाला, "जावईबापू, राग मानू नका. पण मरताना तुम्ही जास्त जिवंत वाटता."