दोन तळेगावं, एक नाव

कारंजा घाडगेला आठवडाभर मुसळधार पाऊस आणि त्याच आठवड्यात शेजारच्या तळेगावला नुसता शिडकावा. प्रिंटआउटवर हे आकडे दिसले आणि मी तिथेच थांबले. एखाद्या दिवशी असं होतं, ढग एका गावावर फुटतो आणि दुसरं कोरडं राहतं. पण आठवडाभर?

ऐंशीच्या दशकाचा मध्य होता. पाटबंधाऱ्याच्या एका कार्यालयात मी संशोधन सहायक होते. वर्धा जिल्ह्यातल्या पर्जन्यमापक केंद्रांचे जुने आकडे नागपूरच्या कॉम्प्युटरवर चढले होते आणि ते तपासायचं काम माझ्याकडे होतं. एका ठिकाणी एकच गोष्ट रोज मोजून ओळीनं लिहिली, की तिला कालमालिका म्हणतात. आम्ही आपलं ‘सिरीज’ म्हणायचो. प्रत्येक सिरीजला एक नाव लागतं. त्या प्रोग्राममध्ये नावाला आठच अक्षरांची जागा होती. मी रुजू होण्याआधीच ठरलं होतं की केंद्राचं नाव तेच सिरीजचं नाव.

तळेगाव इंग्रजीत लिहिलं की बरोबर आठ अक्षरं होतात. आणि जिल्ह्यात तळेगावं दोन आहेत. एक आष्टी तालुक्यातलं, श्यामजी पंतांचं, डोंगराकडचं. दुसरं वर्धा तालुक्यातलं.

मी नागपूरला गेले आणि आकडे चढवतानाचे जुने प्रिंटआउट काढायला लावले. त्यात एक ओळ सापडली. त्या नावाची सिरीज आधीपासून आहे, जुने आकडे काढून नवे ठेवले. डोंगराकडचे आकडे आधी चढले होते, वर्ध्याकडचे नंतर. मशीननं एकावर दुसरे लिहिले आणि तसं सांगितलंही होतं. ती ओळ कोणी वाचली नव्हती.

मी दोन्ही केंद्रांना वेगळी नावं दिली आणि आकडे पुन्हा चढवून घेतले. एका दुपारचं काम. खरी भीती पुढे होती. डोंगराकडच्या तळेगावचे समजून त्याच चुकीच्या आकड्यांवरून एका नव्या गावठाणाची पूररेषा काढली होती. पूररेषा म्हणजे मोठ्या पुरात पाणी जिथवर चढेल ती रेघ. धरणात जाणाऱ्या एका गावाला नाल्याकाठी नवी जागा दिली होती. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही.

नव्या आकड्यांनी गणित केलं. पूररेषा वर सरकली. प्लॉटांची सगळ्यात खालची ओळ तिच्या आत आली.

आमचे कार्यकारी अभियंता देशकर साहेब. त्यांनी कागद शांतपणे दोनदा वाचला.

“लोक राहायला गेलेत?”

“खालच्या ओळीतले गेलेत, सर.”

“मी आजच वर पाठवतो. वरच्या बाजूला जमीन घ्यावी लागेल. वेळ लागेल.”

“पावसाळा तोंडावर आलाय.”

“माहीत आहे. पण तोवर गावात बोलू नका. घाबरून लोक जुन्या गावी परतले, तर तिथे धरणाचं पाणी चढणार आहे. मग काय करायचं?”



नवी रेषा जमिनीवर आखायला मला सर्वेवाल्यांबरोबर पाठवलं. खुंट्या ठोकत आम्ही खालच्या ओळीपाशी आलो. शेवटच्या घरासमोर नामदेवराव उभे होते. ओट्यावर त्यांची आई, अंजनाबाई, पाय लांब करून बसलेली. तिला चालता येत नव्हतं.

“ह्या खुट्या कायच्या होत मॅडम?”

मी सांगून टाकलं. साहेबांनी बजावलेलं लक्षात होतं, तरी सांगितलं.

“म्हंजे आमचं घर पान्यात?”

“मोठा पूर आला तर.”

“मंग आमाले इथं काऊन आनलं?”

मी चुकीचा आकडा, दुसरं तळेगाव असं काहीतरी समजावायला लागले. त्यांनी ऐकून घेतलं.

“आता जावं कुठी? जुनं घर पाडलं. दारं, छपराचे कवेलू, सारं इथं आनून लावलं.”

“निदान पावसात आईला वर शाळेत ठेवा.”

“ठेवतो. नाला चढाले लागला का मायले उचलून नेतो.”

अंजनाबाई माझ्याकडे बघत होती. “बस ना बाई, चहा पिऊन जाजो,” म्हणाली. चहा झाला.

ऑगस्टमध्ये नाल्याला पूर आला. भर दुपारी. गावात फारसा पाऊस नव्हताच, पाणी डोंगराकडून आलं. माणसं शेतात होती आणि नामदेवराव नाल्यापलीकडे अडकले होते. बाकीच्यांनी पोरं, ढोरं वर काढली. शेवटच्या घराकडे दोघं धावले, पण पाणी त्यांच्या छातीला लागलं आणि ते मागे फिरले. गावात पाऊस नसल्यानं अंजनाबाईला शाळेत नेलं नव्हतं; ती पुरात गेली.

दुसऱ्या दिवशी मी देशकर साहेबांबरोबर गेले. पाण्याची खूण आमच्या खुंट्यांच्या जवळपास होती. आमचं गणित बरोबर आलं होतं.

नामदेवराव शाळेच्या पायरीवर बसले होते. साहेबांनी हात जोडले. नामदेवराव माझ्याकडे वळले. मला म्हणाले, “तुमी सांगतलं होतं मॅडम. पन सांगून का होते? घर तं तिथंच होतं.”

परतीच्या वाटेवर साहेब म्हणाले, “तुम्ही बोलला होतात तर त्यांच्याशी.”

“हो.”

“बरं केलं,” साहेब म्हणाले.

चौकशी झाली. अहवालात कारण लिहिलं, संगणकाची चूक. कॉम्प्युटरनं तर सांगितलं तेवढंच केलं होतं.

त्यानंतर आमच्या कार्यालयात नियम झाला. सिरीजच्या नावात केंद्र, तालुका, काय मोजलं, किती वेळानं मोजलं आणि आकडे कुठून आले, हे सगळं हवं. आठ अक्षरांत ते बसत नव्हतं, म्हणून प्रत्येक केंद्राला कोड दिला आणि कोडांची यादी भिंतीवर लावली. नवीन मुलं कुरकुर करायची, एवढं कशाला लिहायचं म्हणून. मी लिहायला लावायचे.

मशीनमधली चूक एका दुपारी दुरुस्त झाली होती. खालची ओळ वर न्यायला पुढचा उन्हाळा उजाडला. नामदेवरावांनाही वरचा प्लॉट मिळाला. तो त्यांनी घेतला, पण त्यावर घर बांधलं नाही. ते समुद्रपूरला लेकीकडे राहायला गेले.