आप्पांच्या कपाटामागचा पॉइंट

रोशनी भोये अंबडच्या कारखान्यात स्टोअरला लागली, त्या पहिल्याच दिवशी मल्हारी पगारनं तिला विचारलं, "पेठकडची ना तू? मग भात लावायचं सोडून इकडं कशाला आली?" बाकीचे हसले. रोशनी हसली नाही. पावसाळा सरला की तिचे आईबाप पिंपळगावकडं द्राक्षबागांच्या कामाला उतरायचे, आणि तिथल्या ताडपत्रीखाली बसून ती बारावी झाली होती. असल्या बोलण्याला उत्तर द्यायचं नाही, पण विसरायचंही नाही, हे ती तिथंच शिकली.

मल्हारी पगार हे स्टोअरचे जुने कारकून. सगळे त्यांना आप्पा म्हणत. कुठला नट कुठल्या रॅकवर, हे त्यांच्याशिवाय कुणाला सापडू नये अशीच त्यांची मांडणी. कंपनीनं ऑफिसातून स्टोअरपर्यंत नेटवर्कची वायर ओढून त्यांच्या टेबलावर कॉम्प्युटर ठेवला, तेव्हाच त्यांचं तोंड वाकडं झालं होतं. पुढं २००२ साली मॅनेजरसाहेबांनी रोशनीच्या हातात एक लॅपटॉप दिला. "रॅकपाशी उभी राहून माल मोज, तिथंच नोंद कर आणि संध्याकाळी वायर लावून सगळं सर्व्हरवर चढव," ते म्हणाले.

त्या लॅपटॉपला नेटवर्कची वायर लावायला जागाच नव्हती. त्यासाठी वेगळं कार्ड आलं होतं. पत्त्याच्या पानाएवढं, जरा जाड, लॅपटॉपच्या बाजूच्या खाचेत सरकवायचं. त्याला वीतभर शेपूट आणि त्या शेपटाच्या टोकाला भिंतीतून येणारी वायर. भिंतीत पॉइंट दोनच. एक आप्पांच्या मशीनला, दुसरा मोकळा. त्या मोकळ्या पॉइंटला आप्पांनी लोखंडी कपाट टेकवून ठेवलं.

"आप्पा, कपाट जरा सरकवता का?"

"नाय सरकत. माल हाय त्यात."

रोशनीनं फटीतून हात घातला. कोपर सोललं, पण वायर बसली. मग तिनं कार्डासोबत आलेली फ्लॉपी टाकली, कार्ड सरकवलं. लॅपटॉपनं नेटवर्कचा नंबर मागितला. स्टोअरचा नंबर एकच असणार असं धरून तिनं आप्पांच्या मशीनचा नंबर जसाच्या तसा उतरवला. इथं ती चुकली. प्रत्येक मशीनला नंबर वेगळा लागतो. दोन्ही पडद्यांवर एकदमच सूचना आली की हा नंबर दुसरं मशीन वापरतंय.

"काय केलं माझ्या मशीनला?" आप्पा उठले.

"थांबा, नंबर चुकला माझा. बदलते."

"तुझ्या हाताला घमेलंच बरं," असं म्हणून त्यांनी शेपूट धरलं आणि हिसडा मारला. शेपूट तुटून त्यांच्या हातात आलं.

रोशनीचे कान तापले. ती तुटकं कार्ड घेऊन तशीच वर साहेबांच्या ऑफिसात गेली. साहेबांनी आप्पांनाही बोलावलं.

"नंबर मी चुकीचा टाकला," ती म्हणाली. "ती माझी चूक. कार्ड यांनी तोडलं."

"वायर पायात आली, साहेब."

"पायात नाही. हातात होती."

साहेबांनी कपाळ चोळलं. "मिटवा आता. एकाच खोलीत बसायचंय तुम्हाला."

"यांनी खरं बोलावं, मग मिटेल."

आप्पा खिडकीबाहेर बघत राहिले. नवं कार्ड मुंबईहून यायचं होतं. तोवर आप्पा जेवायला गेले की त्यांच्या मशीनवर नोंदी करायच्या, असं ठरलं. दुसऱ्या दिवसापासून आप्पा जेवायला जाताना माऊस उपटून डब्याच्या पिशवीत घालून नेऊ लागले. रोशनी दात आवळून नुसत्या कीबोर्डवर काम रेटत राहिली.

नवं कार्ड आलं तेव्हा तिनं कुणाला विचारलं नाही. कपाट उघडलं, खोके एकेक करून जमिनीवर मांडले आणि खांदा लावून कपाट ढकललं. फरशीवर पांढरी रेघ उमटली.

"हात लावू नको म्हटलं ना."

"पगार," रोशनी म्हणाली. आप्पा हा शब्द तिनं त्या दिवशी टाकला तो कायमचा. "आता या कार्डाला हात लागला तर मी वर जाणार नाही, पोलिसांत जाईन. आणि घमेल्याचं बोललात तेही तिथं सांगेन."

आप्पा बसले. तिनं ऑफिसातून मागून आणलेला वेगळा नंबर टाकला. शेपटावरचा बारका दिवा हिरवा झाला आणि दिवसभराच्या नोंदी सर्व्हरवर गेल्या. तिला आनंद असा झाला नाही. खांदा तेवढा ठणकत होता.

पुढं चार वर्षं दोघं त्याच खोलीत बसले. कॅन्टीनमध्ये आप्पा तिच्याबद्दल वाटेल ते बोलत. तीही काही मऊ झाली नाही. त्यांचं मशीन अडलं की काय करायचं ते तिला कळायचं, पण ती शेजारी बसून चहा प्यायची. स्टोअरचा माल आता वर बसून कुणालाही दिसत होता. आप्पांना विचारायला कुणी खाली येईना. ते वाळत गेले, हे तिला दिसत होतं. वाईट वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही.

आप्पा निवृत्त झाले तेव्हा स्टोअर तिच्याकडं आलं. निरोपाच्या कार्यक्रमात साहेबांनी तिला दोन शब्द बोलायला सांगितलं.

"मला यांचं चांगलं काही आठवत नाही," ती जागेवरूनच म्हणाली. "खोटं कशाला बोलू?"

सभेत चुळबूळ झाली. आप्पांनी हातातला नारळ फिरवला आणि पहिल्यांदाच तिच्याकडं सरळ पाहिलं. "बरोबर हाय तिचं," ते म्हणाले. "मला पण नाय आठवत."