बंद न पडलेलं इंजिन

एलिझाबेथ या गावातल्या गाड्यांच्या कारखान्यात लिंझी पास्को आणि मी एकाच लायनीवर होतो. कारखान्याला टाळं लागलं तेव्हा आमच्यातले काही गोदामांत गेले, काही दारूत गेले. लिंझीने घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये लोकांच्या गाड्या ट्यून करायला सुरुवात केली. माझं घर त्याच्यापासून तिसरं, त्यामुळे जे झालं त्यातलं बरंचसं माझ्या डोळ्यांदेखत झालं.

गाडी पळवण्यात त्याला फारसा रस नव्हता. त्याचा जीव होता तो गाडी जागेवर उभी असताना. पाय उचललेला, गाडी सिग्नलला थांबलेली, आणि इंजिन आपलं आपण चाललंय. ते आयडलिंग ज्याला जमलं त्यालाच ट्यूनर म्हणावं, असं तो दोन पेग झाल्यावर म्हणायचा, आणि पेग न घेताही म्हणायचा. त्याची बायको रेलीन शाळेच्या कँटीनमध्ये कामाला होती. तिला गाड्यांतलं काही कळत नसे आणि कळून घ्यायचंही नव्हतं. नवरा रिकामा बसत नाही, एवढं तिला पुरे होतं.

थंडीच्या सुरुवातीला भाजीवाला थिओ कारास आपली गाडी घेऊन आला. गाडी बापाची, जुनी, आठ सिलिंडरची. थिओने कुणाच्या तरी नादाने तिच्यात भलताच मोठा कॅमशाफ्ट, म्हणजे झडपा हलवणारा दांडा, बसवून घेतला होता. तेव्हापासून रस्त्यावर गाडी गर्जायची आणि चौकात थांबली की मरायची. वसंतात थिओच्या मुलीचं, एलेनीचं लग्न होतं. तिला याच गाडीतून चर्चला न्यायचं, असं त्याने मरणाऱ्या बापाला कबूल केलं होतं.

"हवा सोड ना जास्त," थिओ म्हणाला. "इंजिनचे फेरे चढे ठेवले की झालं."

"हवा म्हणजे म्हातारा नोकर आहे लेका," लिंझी म्हणाला. "हाक मारली की उठणार, चपला शोधणार, मग येणार. तोवर इंजिन मेलेलं असतं. ठिणगीचं तसं नाही. ती पुढच्याच फटक्याला हजर."

मग त्याने आम्हा दोघांना समजावून सांगितलं. ठिणगी जरा लवकर पाडली की इंजिनला जोर येतो, उशिरा पाडली की जोर कमी होतो. तो मुद्दाम ती थोडी उशिरा पाडत ठेवायचा, म्हणजे हातात थोडा जोर शिल्लक राहतो. फेरे पडायला लागले की गाडीत बसवलेला कॉम्प्युटर ठिणगी पुढे ओढून इंजिनला हात देतो, फेरे चढले की मागे घेतो. किती पडले तर किती ओढायची, सगळी कारागिरी त्यात. फार ओढली तर इंजिन झोके खायला लागतं, कमी ओढली तर मरतं.

या कामात इंजिन तासन्‌तास जागेवर चालवावं लागतं. लिंझीच्या कुंपणापलीकडे मिस ऑकडेन राहायच्या. जन्मभर रात्रपाळीची नर्स, निवृत्त झाल्या तरी झोप दुपारचीच राहिली. त्यांनी आधी दोनदा सांगून पाहिलं, मग कौन्सिलकडे तक्रार केली. कौन्सिलचा माणूस येऊन सांगून गेला की इंजिन चालू असताना शेडचं दार बंद ठेवा. रेलीन भडकली. लिंझी म्हणाला, बाईंचंही खरं आहे. त्याने भिंतीला भोक पाडलं, गाडीच्या नळकांड्याला जाड रबरी होज लावून धूर बाहेर काढला, आणि दार ओढून घेऊन कामाला लागला.

ते घडलं त्या दिवशी रेलीन त्याची खिमा भरलेली पेस्टी ओव्हनमध्ये ठेवून कामाला गेली. दुपारी लिंझीने थिओला दुकानात फोन केला. थिओ मला नंतर ते बोलणं कितीतरी वेळा सांगत असे.

"जमलं," लिंझी म्हणाला होता. "दिवे लाव, पंखा लाव, गिअर टाक, मरत नाही. ये बघायला."

थिओ म्हणाला, दुकान बंद करून येतो.

लिंझी त्या कॉम्प्युटरला जोडलेला लॅपटॉप मांडीवर घेऊन गाडीतच बसला असावा. इंजिनच्या थरथरीने होज कधीतरी निसटली. त्याला कळलं नाही. त्या धुराला वास नसतो असं नाही, पण आयुष्य त्या वासात गेलेल्या माणसाला तो काय सांगणार?

मिस ऑकडेन पलंगावर पडून चरफडत होत्या. पण थोड्या वेळाने त्यांना ते विचित्र वाटायला लागलं. लिंझीचं काम म्हणजे चालू, बंद, शांतता, पुन्हा चालू. आज आवाज एका सुरात चाललेला, कुणी हातच लावत नसल्यासारखा. त्यांनी कुंपणावर काठी आपटली. मग गाऊनवर कोट चढवून भांडायलाच गेल्या. दार वर सरकवलं आणि त्यांना कळलं. श्वास रोखून आत शिरल्या, किल्ली फिरवली, आणि त्या सत्तरीच्या बाईने त्याला काखेत धरून फरफटत बाहेर काढलं. त्यांची हाक ऐकून मी धावलो. लिंझीचे गाल लहान मुलासारखे गुलाबी दिसत होते. मी म्हणालो, रंग तर चांगला आहे.

"त्या रंगावर जाऊ नकोस," त्या म्हणाल्या. "धुराचं विष भिनलं की असाच रंग येतो. त्याचीच भीती आहे."

चौकशीला अग्निशमन दलाचा एक अधिकारी आला होता. शांत माणूस. कोंडलेल्या जागेत इंजिन बहुतेक वेळा आपल्याच धुरात गुदमरून बंद पडतं, असं तो सांगत होता. हे पडलं नाही. कमी हवेत त्याचे फेरे पडत गेले तसा कॉम्प्युटर ठिणगी पुढे ओढत गेला आणि त्याला जगवत राहिला.

रेलीनने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हणजे त्याने काम वाईट केलं असतं, तर ते बंद पडलं असतं?"

त्या माणसाने हातातली वही मिटली. मग म्हणाला, "कदाचित."

लिंझी शुद्धीवर आला, घरी आला. डोकं दुखतंय म्हणजे डोकं आहे, असा विनोद करून हसलासुद्धा. थिओला म्हणाला, गाडी घेऊन जा, तयार आहे. आम्हाला वाटलं, सुटला. काही आठवडे बरे गेले. मग एके सकाळी तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभा राहिला आणि त्याला पाऊल उचलता येईना. पुढे बोलणं आटलं. चेहऱ्यावरचं हसू गेलं, रागही गेला. डॉक्टर म्हणाले, या विषाचा घाव कधीकधी उशिरा दिसतो. काहीजण त्यातून परत येतात. लिंझी आला नाही.

मिस ऑकडेन रोज दारात येऊन उभ्या राहायच्या. रेलीन दार उघडत नसे. एक दिवस लिंझी न्हाणीघरात पडला आणि तिला एकटीला उचलवेना, तेव्हा तिने उघडलं. दोघींनी मिळून त्याला पलंगावर घेतलं. तेवढ्यात मीही पोचलो.

"तुम्ही तक्रार केलीत म्हणून ते दार बंद होतं," रेलीन म्हणाली.

"हो."

"मी हे विसरणार नाही."

"विसरू नकोस," मिस ऑकडेन म्हणाल्या. "पण त्याला कुशीवर कसं वळवायचं ते शिकून घे. नाहीतर पाठीला जखमा होतील."

त्यानंतर त्या रोज येत. त्याची दाढी करत, भरवत, चादर बदलत. रेलीनने त्यांना कधी बसा म्हटलेलं मी ऐकलं नाही.

लग्नाच्या दिवशी थिओने एलेनीला त्याच गाडीतून नेलं. वाटेत एकाही चौकात ती मेली नाही. चर्चमधून परतताना त्याने गाडी लिंझीच्या दारात आणून उभी केली. लिंझी ओसरीवर घोंगडी पांघरून बसला होता. इंजिन लंगडत, खोल घुमत, पण न चुकता चाललं होतं. थिओ खाली उतरून फाटकापाशी थांबला. आम्ही सगळे लिंझीच्या तोंडाकडे बघत होतो. बऱ्याच वेळाने त्याने रेलीनकडे मान वळवली.

"कुणाची आहे ती?" तो म्हणाला. "बंद करायला सांग. त्रास होतो."

थिओने परत जाऊन किल्ली फिरवली. एलेनी पांढरा झगा सावरत वर आली, लिंझीच्या कपाळाला तिने ओठ टेकले. त्याने तिला विचारलं, तू नवी नर्स का. ती हो म्हणाली. थिओ गाडीत डोकं खाली घालून बसला होता. पुढे त्याने ती गाडी विकली नाही आणि चालवलीही नाही.

पुढच्या थंडीत लिंझीच्या छातीत कफ भरला आणि आठवड्याभरात तो गेला. शेवटच्या दिवशी दोघी बायका पलंगाच्या दोन बाजूंना होत्या.

रेलीनने घर विकलं आणि व्हायला नावाच्या गावी बहिणीकडे जायचं ठरवलं. सामान बांधायला मी गेलो, तेव्हा मिस ऑकडेन आधीच जमिनीवर बसून कपबशा वर्तमानपत्रात गुंडाळत होत्या. बहिणीचा नवरा ट्रक घेऊन आला. रेलीनने मला मिठी मारली. मिस ऑकडेनना तिने मिठी मारली नाही. ट्रकमध्ये चढली, काच खाली केली.

"थंडीत छातीला जपा," ती म्हणाली.

मिस ऑकडेननी मान हलवली. ट्रक वळल्यावर त्या आत गेल्या आणि रिकाम्या घराच्या खिडक्या एकेक करून लावू लागल्या.