राखीव गोलकीपरची बायको

माझी आणि माझ्या नवऱ्याची ओळख स्टुटगार्टमध्ये एका फिजिओथेरपीच्या दवाखान्यात झाली. मी तेव्हा तिथे मास्टर्स करत होते. जानेवारीत एका चढाच्या रस्त्यावर घसरून माझा घोटा मुरगळला होता. शेजारच्या टेबलावर एक उंच माणूस पडला होता आणि थेरपिस्ट त्याचा पाय खुब्यातून असा काही बाहेर वळवत होती की बघून मलाच कळ आली.

"काय लागलंय?" मी मोडक्या जर्मनमध्ये विचारलं.

"लागलं काही नाही, कामच असं आहे," तो म्हणाला. "गोलकीपर आहे."

मला फुटबॉल वाटला. "आइस हॉकी," तो म्हणाला, आणि ती बाई पाय पिळत असतानाही हसला.

दोन वर्षांनी लग्नाचं सांगायला मी सांगलीला फोन केला. बाबा शाळेत पीटीचे सर होते. तीस वर्षं त्यांनी मुलींचे खो-खोचे संघ घडवले. मुलगा खेळाडू आहे म्हटल्यावर तो जर्मन आहे हे ते जवळजवळ विसरलेच.

"कोणता खेळ?"

"हॉकी, बाबा. बर्फावरची. गोलकीपर आहे."

"मुख्य का राखीव?"

खेळातल्या माणसाने विचारलेला खेळातला प्रश्न. "राखीव," मी म्हटलं.

"बरं," म्हणून त्यांनी फोन आईकडे दिला.

आइस हॉकीच्या टीममध्ये मॅचला दोन गोलकीपर असतात. खेळतो एकच. दुसरा अंगावर सगळे पॅड चढवून, डोक्यावर मात्र साधी टोपी घालून, बाकाच्या टोकाला बसतो. खेळाडू दर मिनिटाला आत-बाहेर करतात, त्यांच्यासाठी तो मैदानाभोवतीच्या फळीतलं दार उघडतो आणि लावतो. माझा नवरा दुसऱ्या दर्जाच्या लीगमध्ये हे काम वर्षानुवर्षं करत होता. सीझनमध्ये हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या मॅच त्याच्या वाट्याला यायच्या. बाकी सगळ्या मॅच मी वरच्या रांगेत बसून त्याची मान बघत काढल्या.

आम्ही बॉबलिंगेनला राहायचो. मी झिंडेलफिंगेनला गाड्यांच्या सॉफ्टवेअरचं टेस्टिंग करते. आमच्या ओळखीतली मराठी घरं बहुतेक पुण्या-मुंबईची, सगळी आयटीतली. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जेवणं असायची. तिथे एकीने सहज विचारलं, "अगं, परवा आम्ही ऑनलाइन मॅच लावली होती. दार उघडत होता तोच ना तुझा नवरा?" तिच्या मनात काही वाईट नव्हतं. मी हसले आणि पुलावाकडे वळले. पण मला लाज वाटली होती, हे आज कबूल करते. ती लाज मी घरी नेली आणि त्याच्यावर काढली.

"खालच्या लीगमध्ये का नाही जात तू? तिथे पहिला होशील. रोज खेळशील."

त्याने थोडा विचार केला. "म्हणजे... तिथले शॉट हळू असतात," तो म्हणाला. "मला इथलेच अडवायचेत."

"पण तुला मॅचमध्ये कुठे अडवायला मिळतात?"

"सरावात मिळतात. रोज."

मला ते पटलं नाही. सराव सकाळी असायचा आणि मी त्या वेळी ऑफिसात. तो तिथे काय करतो हे मी एकदाही जाऊन पाहिलेलं नव्हतं.

ते पाहिलं बाबांनी. रिटायर झाल्यावर ते पहिल्यांदा आमच्याकडे आले, फेब्रुवारीत. आईचा गुडघा नुकताच बदलला होता, मावशी तिच्याजवळ राहिली आणि बाबा एकटेच आले. घरात बसून करणार काय? तिसऱ्या दिवशी नवऱ्याने गाडीची किल्ली वाजवत विचारलं, "बाबा, येता?" हे दोन शब्द तो खास शिकला होता. बाबा कानटोपी, मफलर, थर्मास घेऊन निघाले.

संध्याकाळी मी घरी आले तर बाबा गप्प होते. मला वाटलं थंडी बाधली.

"काय झालं, बाबा?"

"काही नाही. उद्या परत जाणार आहे."

मग ते रोजच जायला लागले. आठवड्याने माझ्यासमोर एक वही ठेवली. त्यात त्यांच्या वळणदार अक्षरात टिपणं होती. "अगं, सगळे सराव संपवून आत जातात ना, तेव्हा ज्यांना ज्यांना अजून मारायचंय ते याच्यासमोर उभे राहतात. पहिला गोलकीपर कधीच गेलेला असतो आत. हा थांबतो. शेवटचा माणूस आत जाईपर्यंत थांबतो. आणि एकही शॉट नुसता जाऊ देत नाही. माझ्या तीस वर्षांत असा सराव करणाऱ्या मुली मला तीन मिळाल्या असतील."



"आता त्याला हे सांग," बाबा वही उघडून म्हणाले. "खाली बसून पाय फेकल्यावर उठतो तेव्हा उजवा पाय आधी येतो. डावा मागे राहतो. तिथे जागा पडते."

मी जर्मनमध्ये सांगितलं. नवरा बाबांकडे बघतच राहिला. "डावा खुबा," तो म्हणाला. "मी ते कुणालाच सांगितलेलं नाही. तुलाही नाही."

पुढचे पंधरा दिवस आमच्या दिवाणखान्यात जे चाललं ते मी विसरणार नाही. सोफा भिंतीला लावला. बाबा गालिच्यावर उकिडवे बसून दाखवायचे, खो मिळाला की पाटीवरची मुलगी कशी दोन्ही पायांवर सारखा भार घेऊन सुटते ते. मग साडेसहा फुटी जर्मन माणूस तसाच बसायचा आणि बाबा टाळी वाजवून ओरडायचे, "खो!" तो उठायचा. पुन्हा बसायचा. "डावा! जावईबापू, डावा!" चौथ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या आजीबाई दारात आल्या. दुपारची रुहेत्साइट, म्हणजे आवाज न करण्याची वेळ, चालू असताना छत हादरतंय म्हणाल्या. बाबांनी हात जोडले आणि त्यांना चहा दिला. त्या तासभर बसून बघत होत्या.

मार्चमध्ये प्लेऑफ सुरू झाले. रविवारी दुपारची मॅच होती, बाबा आणि मी नेहमीच्या जागी. दुसऱ्या सत्रात आमचा पहिला गोलकीपर एक शॉट अडवताना पडला आणि उठलाच नाही. मांडी धरून बसला. दोघांनी त्याला उचलून बाहेर नेलं. बाकाच्या टोकाला माझ्या नवऱ्याने टोपी काढली, मास्क घातला, आणि इतकी वर्षं दुसऱ्यांसाठी उघडलेल्या त्या दारातून स्वतः बाहेर पडला.

तासभर थंड बसलेला माणूस तो. शरीर कडक झालेलं. पहिलाच शॉट आला आणि जाळ्यात गेला. समोरच्या बाजूने केवढा तो ओरडा! मी डोळे मिटले.

"डोळे उघड," बाबा म्हणाले. "पहिला जातोच. आता बघ."

मी बघितलं. त्याने काठी दोन्ही खांबांवर एकेकदा टेकवली आणि वाकून उभा राहिला. पुढचा शॉट छातीवर घेतला. त्याच्या पुढचा हातमोज्यात. मग एकदा अशी झुंबड झाली की काळी चकती कुठे आहे तेच दिसेना. तो खाली होता, चकती सुटून दुसऱ्या बाजूला गेली, तिथे त्यांचा माणूस मोकळा उभा. नवरा उठला. दोन्ही पाय एकदम. डाव्या पॅडवर चकती आदळल्याचा आवाज मला वरपर्यंत आला.

बाबा उभे राहिले होते. मफलर खाली पडला होता. अख्ख्या स्टेडियममध्ये मराठीत ओरडणारा तो एकच माणूस: "शाब्बास रे पठ्ठ्या! शाब्बास!"

शेवटच्या सत्रात आमच्या टीमने बरोबरी केली आणि जादा वेळात जिंकली. टीम एकमेकांवर पडत होती तेव्हा तो खालून कुठूनतरी निघाला आणि मास्क वर करून आमच्या रांगेकडे बघायला लागला. माझ्याकडे नाही, बाबांकडे. बाबांनी डावा पाय उचलून मांडीवर थाप मारली. आजूबाजूच्या लोकांना काही कळलं नाही.

पहिला गोलकीपर काही त्या सीझनमध्ये परत आला नाही. पुढच्या सगळ्या मॅच माझ्या नवऱ्याने खेळल्या. पुढच्या फेरीत आमचा संघ हरला, पण त्याच्यामुळे नाही, हे त्यांच्या ट्रेनरने सगळ्यांसमोर सांगितलं. उन्हाळ्यात क्लबने दुसरा, तरुण गोलकीपर आणला आणि माझा नवरा पुन्हा बाकावर गेला. मला वाटलं तो मोडेल. तो सप्टेंबरच्या पहिल्या सरावाला सगळ्यांच्या आधी हजर होता. त्या वर्षी मी रजा टाकून सराव बघायला जाऊ लागले. जेवणांच्या वेळी कुणी विचारलं की सांगायचे, चला एकदा माझ्याबरोबर, सकाळी नऊला. दोघी-तिघी आल्याही. त्यातली एक होती तीच, दाराचं विचारणारी. बाहेर पडताना म्हणाली, "बाप रे, हे रोज?"

"रोज," मी म्हटलं.

आणखी तीन सीझन तो खेळला. मग डाव्या खुब्याचं ऑपरेशन करावंच लागलं आणि डॉक्टरांनी बर्फ बंद केला. चौदा सीझन, चार क्लब. त्याचा निरोप छोटासाच झाला. मॅचच्या आधी त्याला साध्या कपड्यांत, कुबड्या घेऊन बर्फावर बोलावलं. दोन्ही संघांचे खेळाडू रांगेत उभे राहून बर्फावर काठ्या आपटत होते, आणि सगळ्यात जास्त जोराने आपटत होता तो तरुण गोलकीपर, ज्याने त्याची जागा घेतली होती. तो मला नंतर म्हणाला, "मला जे येतं त्यातलं अर्धं मी तुझ्या नवऱ्याकडून चोरलंय."

पुढच्याच आठवड्यात आम्ही रोजगार कार्यालयात गेलो. खेळाडू होण्याआधी नवरा मेकाट्रॉनिकर, म्हणजे यंत्रं जोडणारा-दुरुस्त करणारा कारागीर, झाला होता, तेच काम आता शोधायचं होतं. टेबलामागच्या बाईंनी अर्ज वाचला. मधली चौदा वर्षं कोणत्या प्रकारात घालायची ते त्यांना सापडेना. "तुमचा व्यवसाय इथल्या यादीत नाही," त्या म्हणाल्या. "मी 'इतर' असं लिहू का?"

"हो, चालेल," नवरा म्हणाला. त्याला असल्या गोष्टींचं कधीच काही वाटत नाही.

"नाही चालणार," मी म्हटलं. दोघांनी माझ्याकडे बघितलं. "व्यावसायिक आइस हॉकी गोलकीपर, असं लिहा. पूर्ण लिहा."

बाईंनी चष्मा वर सरकवला, खालची शेऱ्याची चौकट उघडली आणि टाइप केलं. मी खुर्ची पुढे ओढून स्क्रीनवर एकेक अक्षर तपासलं. एका शब्दात एक अक्षर चुकलं होतं. ते मी त्यांना दुरुस्त करायला लावलं.