रिकामा नंबर

इंदापूरच्या रक्ततपासणी लॅबमध्ये माझ्या शेजारी बसणाऱ्या ताई प्रत्येक नंबर पुटपुटत टाइप करायच्या. एकदा मी कॉम्प्युटरमधल्या दुबार नोंदी पुसल्या आणि रिकामे झालेले नंबर नव्या पेशंटना द्यायला लागलो. ताईंनी माझं मनगट धरलं.

"आरं, जुन्या नंबराची चिठ्ठी कुणाकडं आसंल! त्याला दुसऱ्याचा रक्तगट दिसंल."

"एक देऊन झालाय, ताई."

तो नंबर आधी निरवांगीच्या एका बाईंचा होता, त्याची चिठ्ठी त्यांच्याकडेच होती आणि त्याच दुपारी त्यांचं ऑपरेशन होतं. ताईंनी दवाखान्यात फोन लावला.

"रक्त चढवू नका, नोंद चुकलीया."

पलीकडचं ऐकून त्यांनी फोन ठेवला. "अजून चढवलं न्हाय."

मी बोलणी खायच्या तयारीत होतो. त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि रिकामा नंबर तसाच सोडून पुढची नोंद माझ्याकडूनच करून घेतली.