हिराकाकूंचं टेलरिंगचं दुकान आणि आमची ग्रेडिंग मशीन

हिराकाकू आज सकाळी गेल्या.
त्यांची गिऱ्हाइकं मी तोडली होती.

येडगाव रोडला आमच्या शेठचं टोमॅटोचं शेड आहे. चाळीस बाया पुढ्यात कॅरेट घेऊन माल निवडायच्या.
समोरच काकूंचं टेलरिंगचं दुकान. पगार झाला की बाया थेट तिकडंच. ब्लाउज, पोरींचे फ्रॉक, फॉल-पिको.

मग शेठनी ग्रेडिंग मशीन आणली. कॅमेरा रंग बघतो, साईज बघतो. ती चालवायचं ट्रेनिंग मला दिलं.
शेडात सहा बाया उरल्या.

मी खूश होतो, राव. माझा पगार वाढला होता.

त्या दिवाळीत काकूंकडे नवं कापड कोणी आणलंच नाही. "जुनंच जरा सैल करून द्या," एवढंच काम.
शेजारचा चपलांचा दुकानदारही दिवसभर मोबाईल बघत बसायचा.

एकदा काकूंनी मला हाक मारली.
"तुझ्यावर राग न्हाई रं. तुझं कामच हाय ते. पण माझी शेठशी गाठ घालून दे."

घालून दिली.
शेठ म्हणाले, "काकू, मशीन काय आता परत जाणार नाय."

"नका पाठवू. पण तुमच्या धाकल्या भावाच्या साडीच्या दुकानात एक दिवस बसून बघा. गिऱ्हाईक कोण येतंय, ते मला सांगा."

बाजाराच्या दिवशी शेठ खरंच जाऊन बसले.
संध्याकाळी स्वतः काकूंकडे आले.
"आपल्या शेडातल्या बाया यायच्या बंद झाल्यात. भाऊ म्हणतोय, दुकान बंद करायचं."
 काकूंनी त्यांना स्टूल दिलं, चहा सांगितला.

पुढच्या सीझनला शेठनी शेडामागं टोमॅटो प्युरीचं युनिट सुरू केलं. मशीन जो माल बाजूला टाकायची, त्याची प्युरी. बारा जणींना परत काम मिळालं.

काकूंनी स्वतःसाठी काहीच मागितलं नाही. दुकानातली गर्दी पहिल्यासारखी झाली नाही ती नाहीच. दोनातली एक शिलाई मशीन विकावी लागली.

बारा जणी परत आल्या. बाकीच्या कुठं गेल्या, मला माहीत नव्हतं.
काकूंना माहीत होतं. कोण खोडदला खुरपायला जाते, कोण पुण्यात धुणीभांडी करते, कुणाच्या पोरीनं कॉलेज सोडलं. एकेकीचं नाव घेऊन सांगायच्या.

मी त्या बायांबरोबर रोज शेडात होतो. मला निम्म्यांची नावंही येत नव्हती.

काकू, तुमची माफी मागायची राहून गेली.
शेवटचा नमस्कार.