बाहेरगावचं कोण?

मास्तरांच्या गप्पांत शाळेचे किस्से निघाले की चहा गार होतो, पण किस्से संपत नाहीत. आमच्या अक्कलकोट रोडवरच्या शाळेत तर थोइबी आल्यापासून रोज एकाची भर! पोरगी मणिपूरची. दंगलीत घर जळालं, बाप इकडं एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात लागला आणि ही आमच्या सहावीत आली.

*

पहिल्याच दिवशी सोम्या ओरडला, "चायना आली!"

मी नकाशा काढला, मणिपूर आपल्याच देशात आहे हे दाखवलं.

"मग हिला मराठी का येत न्हाय?"

मी म्हटलं, तुझी आजी काय बोलते रे घरी? सोम्याच्या घरात सगळी कन्नड बोलतात. "आमचं ऱ्हाऊ द्या की," म्हणत गडी खाली बसला.

*

खिचडी शिजवणाऱ्या गौराव्वानं तिला तोंडावरच विचारलं, तुमच्यात कुत्रं खातात म्हणे? थोइबी तोवर इथलं बोलायला शिकली होती.

"आमच्यात न्हाय. तुमच्यात?"

गौराव्वा पोट धरून हसली आणि तिच्या ताटात शेंगाचटणी वाढली. पोरीनं बोटं चाटून परत मागितली. मी साताऱ्याचा, इतकी वर्षं इथं काढली, तरी त्या चटणीनं मला अजून ठसका लागतो. गौराव्वानं निकाल देऊन टाकला, "पोरगी हितलीच हाय. गुर्जींचं काय खरं न्हाय."

*

हेडसरांना तर लॉटरीच लागली. पंधरा ऑगस्टच्या वेशभूषेत तिला नागालँड केलं, सव्वीस जानेवारीला सिक्कीम आणि गॅदरिंगला चक्क जपान! शेवटी तीच म्हणाली, "सर, मला एकदा इरकल नेसवा की." हेडसर म्हणाले, बघू. अजून बघताहेत.

*

आणि हा परवाचा. तिला शहरातल्या हॉस्टेलला हलवायचं, तिथं "तिच्यासारख्या" मुली आहेत, असं वरून ठरलं. आई नको म्हणत होती. पोरगी दोन दिवस धड जेवली नाही. मला फार वाईट वाटत होतं, पण शिक्षण खात्याच्या साहेबांपुढं बोलायचं कुणी?

साहेब वर्गात आले. सरळ तिच्यापुढं उभे राहिले. "बाळ, तू कुठली?"

"हितलीच की."

साहेब हसले आणि वर्गाकडं वळले. "खरं सांगा, तुमच्यात बाहेरगावचं कोण आहे?"

सोम्यानं बोट वर केलं. त्याच्यामागं सगळ्या वर्गानं. सगळी बोटं माझ्याकडं!

"हे गुर्जी," सोम्या म्हणाला. "सातारचे हायत. ह्यांना न्या हॉस्टेलला."